घोड्यामागचं शहर

सरांच्या घरी जेवायला बसलं की ताटात भात पडायच्या आधी हातात भिंग पडायचं.

"बघ," ते म्हणायचे. "आणि घोडा बघू नकोस."

डायनिंग टेबलासमोरची अख्खी भिंत एका चित्राने व्यापली होती. सतराव्या शतकातल्या एका डच चित्राची ही प्रत होती, मूळ चित्राएवढीच मोठी. कुठल्याशा तटबंदीच्या शहराला एका सेनापतीने वेढा घातला, आतल्या लोकांना महिनोन्‌महिने कोंडलं, शेवटी शहर शरण आलं, आणि त्या विजयाची आठवण राहावी म्हणून हे चित्र काढवून घेतलं गेलं. सगळ्यात पुढे, अंगावर येईलसा पांढरा घोडा. त्यावर सेनापती, छातीवर नारिंगी पट्टा. भोवती पिसांच्या टोप्या घातलेले अधिकारी आणि एक कंटाळलेला कुत्रा. त्यांच्यामागे तंबू, खंदक, तोफांचा धूर. आणि पार मागे, आभाळ जमिनीला टेकतं तिथे, नखाएवढं शहर. चर्चचा एक मनोरा आणि तटाची करडी रेघ.

भिंग त्या रेघेसाठी होतं. नीट पाहिलं तर तटावर काही पांढरे ठिपके दिसायचे. ती माणसं आहेत, असं सरांचं म्हणणं होतं. आत अडकलेली, उपाशी, तटावर येऊन बाहेर बघणारी माणसं. चित्राचं काम ज्याने दिलं त्याला ती नको होती, पण चित्रकाराने हळूच घुसवली. यावर त्यांनी पीएचडी केली होती, आणि त्या प्रबंधावरून परीक्षकांशी भांडले होते. हॉलंडला जाऊन मूळ चित्रापुढे उभे राहिले, तेव्हा तिथल्या म्युझियममधल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की हे नुसते रंगाचे फटकारे आहेत. सरांनी तिथेही भांडण केलं. सेनापतीचं नाव मात्र त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. "त्याने स्वतःचं नाव जगभर लिहून ठेवलंय. मी कशाला घेऊ?"

मी त्यांची भाडेकरू. मेलबर्नच्या पश्चिमेला पॉइंट कुकमध्ये त्यांचं दुमजली घर होतं, वरची खोली माझी. पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा आमचं शेअर-हाउस फुटलं, जो तो मिळेल तिथे गेला. मी पुण्याची, एका बँकेच्या अॅपचा सपोर्ट घरून करायचे. मला फक्त इंटरनेट आणि दार हवं होतं. सरांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "तुला चिडता येतं का?" मी म्हटलं, येतं. "मग ये. माझ्या घरात मला एकट्यालाच चिडावं लागतंय."

चिडणं हा त्यांचा व्यायाम होता. सकाळी टाय बांधून खाली यायचे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, बाहेर पडायला बंदी होती, तरी टाय. टीव्हीवर रोजची पत्रकार परिषद लागली की समोर उभे राहून ओरडायचे. 'फ्रंटलाइन', 'लढाई', 'योद्धे' असा शब्द आला की त्यांचे कान लाल व्हायचे.

"लढाई म्हणू नका! लढाईत दोन्हीकडे शस्त्रं असतात. हा वेढा आहे. वेढ्यात आतल्या माणसाला नुसतं थांबायचं असतं!"

"सर, त्यांना ऐकू जात नाही."

"वेढ्याच्या बाहेरच्यांना कधीच जात नाही."

पाहुणा चित्रासमोर काय बोलतो यावर त्याला चहाबरोबर काय मिळणार ते ठरायचं. एकदा, मधल्या काही आठवड्यांत माणसांना घरी बोलवायची मुभा होती तेव्हा, जवळच्या टार्नीट उपनगरातला एक जण आला होता. चांगला मनुष्य, गणपतीची वर्गणी गोळा करणारा. तो म्हणाला, "सर, मस्त पेंटिंग आहे हं. घोडा काय लाइव्ह आलाय!" सरांनी स्वयंपाकघरातून बाहेर आणलेला शिरा तसाच परत नेला. मी मागे गेले तर म्हणाले, "घोड्याला हरभरे घालतात. शिरा माणसांना."

आता हे सगळं मी हसत सांगते आहे, पण मला हसायचं नाही. मला राग सांगायचा आहे. सरांचा होता तो, आणि त्यांच्यामुळे माझा झाला तो. इतकी वर्षं झाली, अजून विझलेला नाही.

सरांची बायको, काकू, त्या घरात नव्हत्या. त्यांना पार्किन्सन्स होता. आधी काठी, मग व्हीलचेअर, मग गिळणं अवघड झालं, आणि सरांना एकट्याने उचलणं जमेना तेव्हा जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये त्यांना ठेवावं लागलं. गाडीने पाच-सात मिनिटं. काकू हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या, आणि सरांना गप्प करू शकणारी ती जगातली एकमेव व्यक्ती होती. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा जीभ जड झालेली असूनही त्या म्हणाल्या, "तुला ठिपके दाखवले का? मला सासूच्या आधी ठिपक्यांना भेटवलं होतं यांनी."

रोज दुपारी सर मऊ भात शिजवून, त्यात मेतकूट आणि तूप कालवून, डब्यात भरून तिकडे जायचे आणि स्वतःच्या हाताने भरवायचे. तिथलं कालवलेलं बेचव जेवण काकू ओठ मिटून नाकारायच्या. सरांनी चमचा धरला की तोंड उघडायच्या. चमचा किती तिरका धरायचा, दोन घासांमध्ये किती थांबायचं, हनुवटी कधी खाली करायला सांगायची, हे त्यांना माहीत होतं. बेनालिया नावाच्या एका फिलिपिनो केअररलाही माहीत होतं. बाकी कोणाला नव्हतं.

दुसरी लाट आली आणि नर्सिंग होमने दार लावलं. भेटी बंद. सरांना ते पटलं होतं, हे मला मुद्दाम सांगायला हवं. ते मास्कला नावं ठेवणाऱ्यांतले नव्हते. "दार लावा," ते म्हणाले, "पण दाराआड काय करताय ते सांगा." त्यांनी डबा रिसेप्शनला ठेवायला सुरुवात केली. बेनालिया भरवेल, असं रिसेप्शनवरून सांगितलं. तिसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला. बाहेरचं अन्न चालणार नाही, नवा नियम.

"डब्याला ताप आलाय का?" सरांनी इंटरकॉमवर विचारलं.

"सर, इट्स पॉलिसी."

ते घरी आले नाहीत. काकूंची खिडकी तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला होती. कुंपणापाशी उभं राहिलं की त्या दिसायच्या, खुर्चीत, मान एका बाजूला कललेली. सर कुंपणापाशी उभे राहिले, डबा उघडला आणि गार झालेला तो भात त्यांच्याकडे बघत स्वतः जेवले. काचेपलीकडे काकूंचे ओठ हलत होते. त्या सरांच्या घासाबरोबर घास घेत होत्या, रिकाम्या तोंडाने.

हे सरांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले, तेव्हा तेच पुन्हा होताना मी डोळ्यांनी पाहिलं.

घराबाहेर पडायला दिवसाला एक तास मिळायचा, व्यायामाचा. आमचा व्यायाम तो. ऑगस्टमधला, म्हणजे मेलबर्नच्या ऐन हिवाळ्यातला, खाडीवरचा वारा कानशिलं सोलून काढायचा. सर ओव्हरकोट, टाय आणि माकडटोपी अशा वेषात उभे. हळूहळू तिथे आणखी माणसं दिसायला लागली. एक म्हातारे इटालियन गृहस्थ, घडीची खुर्ची घेऊन येणारे, त्यांची बायको दुसऱ्या खिडकीत. एक व्हिएतनामी बाई, आईसाठी. ती फोन लावून काचेतून आईला गाणं म्हणून दाखवायची. सरांनी प्रत्येकाला, अंतर राखून, मोठ्या आवाजात, त्या डच चित्राची गोष्ट सांगितली. इटालियन आजोबांना इंग्रजी अर्धवट कळायचं. ते एवढंच म्हणाले, "हॉर्स, ऑलवेज हॉर्स." सर त्या दिवशी इतके खूश झाले की घरी येऊन त्यांनी मला न मागता आल्याचा चहा दिला.

एकदा पोलिसांची गाडी थांबली. तरुण पोलिसाने काच खाली केली. "मेट, बाहेर पडायचं कारण काय?"

"पहिली गोष्ट, मी तुझा मेट नाही. आपली ओळख नाही."

"फेअर इनफ. कारण?"

सरांनी बोट दाखवलं. "माझी बायको त्या खिडकीत आहे."

पोलीस बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नो वरीज. टेक युअर टाइम," आणि गेला. सर घरी येईपर्यंत धुमसत होते. "इतका चांगला वागला मेला, भांडायला जागाच ठेवली नाही."

मग एक दिवस खिडकीत काकू नव्हत्या. पडदा ओढलेला. रिसेप्शनचा फोन वाजतच राहिला. संध्याकाळी कोणीतरी उचलला आणि सांगितलं की सुरक्षेसाठी त्यांना मागच्या बाजूच्या खोल्यांमध्ये हलवलंय. मागच्या बाजूला उंच भिंत आणि कचऱ्याचे डबे. सर तिथे जाऊन उभे राहिले. बायको ज्या बाजूला आहे त्या बाजूला, एवढंच.

आत साथ शिरली होती, पण ते आम्हाला सांगायला कोणाला वेळ नव्हता. बातम्यांतून कळलं. ओळखीचे सगळे केअरर एकाच वेळी आयसोलेशनमध्ये घरी पाठवले गेले. त्यांच्या जागी एजन्सीची माणसं आली. ती भली असतील, पण कोणाला पाणी स्ट्रॉने द्यायचं आणि कोणाला चमच्याने, हे त्यांना सांगणारं कोणी उरलं नव्हतं. बेनालियाने घरून सरांना फोन केला. ती रडत होती. "सर, मी त्यांना लिहून देऊन आले होते. त्यांनी वाचलं का मला माहीत नाही."

सरांनी त्या आठवड्यात फोन केले, मेल केले, आमदाराच्या ऑफिसला सुनावलं. मीही माझ्या कामाच्या वेळात, बँकेच्या ग्राहकांना होल्डवर ठेवून, नर्सिंग होमच्या होल्डवर थांबून राहायचे. उत्तर एकच मिळायचं, "शी इज कम्फर्टेबल." सर विचारायचे, "जेवली का?" पलीकडून, "शी इज कम्फर्टेबल."

"मी आराम विचारलेला नाही! जेवली का, ते विचारतोय!"

हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा काकू तिथे पोहोचल्या होत्या आणि फारसं काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. डॉक्टर प्रामाणिक होती. तिने सांगितलं की कोविड आहेच, पण त्या पार कोरड्या पडून आल्यात. डिहायड्रेटेड. सरांनी तो शब्द पुन्हा उच्चारायला लावला. मग फोन खाली ठेवून मला म्हणाले, "कोरडी. पाणी नाही मिळालं तिला. इथे, या देशात, नळाला पाणी असताना."

त्या गेल्या. सर त्यांना पीपीई घालून काही मिनिटं भेटू शकले. त्यातलं काहीही त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांचा एकुलता मुलगा सिडनीला, कॅसल हिलला. राज्याची सीमा बंद, त्याला येता आलं नाही. अंत्यसंस्काराला दहा माणसांची मुभा होती, आम्ही तेवढेही जमलो नाही. मुलाने आईला स्क्रीनवर निरोप दिला. मध्येच त्याचा आवाज तुटला. मला वाटलं नेट गेलं. नेट नव्हतं गेलं.

नर्सिंग होमच्या मॅनेजरचा सांत्वनाचा फोन स्पीकरवर होता. "शी पास्ड पीसफुली."

"तुम्ही तिथे होतात?" सरांनी विचारलं.

"नो, बट..."

"मग शांतपणे कशावरून?"

 सरांनी फोन ठेवून दिला.

त्यानंतर ते किती बदलले असं कोणी विचारलं तर मी सांगते, बदलले नाहीत. टाय होता, टीव्हीवर ओरडणं होतं. फक्त मऊ भात शिजवणं थांबलं. मेतकुटाची बरणी त्यांनी मला देऊन टाकली. मी ती वर माझ्या खोलीत ठेवली आणि माझ्याच्याने उघडवली नाही.

पुढच्या वर्षी निमंत्रण आलं. नर्सिंग होमच्या लॉबीत एका स्मृतिचित्राचं अनावरण. 'आपण एकत्र जे जिंकलो त्याच्या आठवणीत.' मी म्हटलं, सर, नको जाऊ या. ते म्हणाले, "विजयाचं चित्र आहे. माझा विषय आहे."

लॉबीत मास्क लावलेली माणसं, सँडविच, फुगे. हो, फुगेही होते. पडदा सरकला. भिंतभर मोठं चित्र. मधोमध कंपनीचा प्रमुख, दंडापर्यंत बाह्या सारलेला. शेजारी मॅनेजर, एक डॉक्टर हाताची घडी घालून, बोर्डाचे दोन-तीन लोक. सगळ्यांची नजर दूर क्षितिजाकडे. मागे सूर्योदय. पार मागे, छोटीशी, नर्सिंग होमची इमारत, खिडक्यांमध्ये पिवळा उजेड. बेनालिया सँडविचच्या टेबलामागे उभी होती. चित्रात ती नव्हती. तिच्यासारखं कोणीच नव्हतं.

टाळ्या संपल्यावर सर पुढे गेले. वर्गात शिकवायच्या आवाजात त्यांनी विचारलं, "यात इथे राहणारी माणसं कुठे आहेत?"

प्रमुख हसला. "ग्रेट क्वेश्चन. खिडक्यांमधला तो उजेड आहे ना, तो आमचे रेसिडेंट्स आहेत. आर्टिस्टने फार सुंदर पद्धतीने..."

"माझी बायको उजेड नव्हती," सर म्हणाले. "ती गणिताची शिक्षिका होती. वजन छत्तीस किलो. तुमच्या घरात तहानेने मेली. ती कुठे आहे?"

 कोणीतरी पियानोचं संगीत मोठं केलं. एक तरुणी सरांच्या कोपराला हात लावून म्हणाली, आपण शांत जागी बसू या, आमच्याकडे काउन्सेलर आहेत. सरांनी कोपर सोडवून घेतलं. "मला शांत जागा नको. शांत जागेवरूनच तिला नेलं." इटालियन आजोबा त्यांची घडीची खुर्ची उचलून आले आणि सरांच्या शेजारी उभे राहिले.  मग आम्हाला बाहेर सोडण्यात आलं, अत्यंत अदबीने. फुगे तसेच हलत होते.

मी गाडीत रडले. सर म्हणाले, "रडू नकोस. चीड."

ते चित्र आजही तिथे आहे. कोणी हलवलेलं नाही. उलट खाली एक पितळी पट्टी आली: 'ज्यांना आपण गमावलं त्यांच्या स्मरणार्थ.' नावं नाहीत. चौकशी झाली, अहवाल आला, 'धडे घेतले' असं म्हटलं गेलं. धडे. काकू जिवंत असत्या तर त्यांनी विचारलं असतं, परीक्षा कोणी घेतली?

अनावरणानंतर काही दिवसांनी दारावर एक मुलगी आली. केस निळे, बोटांना रंग. ते चित्र काढणारी तीच. बेनालियाकडून पत्ता घेऊन आली होती. सरांनी तिला आत घेतलं ते भांडायच्याच तयारीने.

"मला आत जाऊ दिलं नव्हतं," ती दारातच म्हणाली. "त्यांनी ईमेलवर फोटो पाठवले. या लोकांना पुढे घ्या, बिल्डिंग मागे. मला पैशांची गरज होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं."

सरांनी तिच्या हातात भिंग दिलं आणि चित्राकडे बोट केलं. ठिपक्यांची सगळी कथा सांगितली. त्या चित्रकाराचंही तुझ्यासारखंच होतं, त्यालाही हुकूम होता, पण बघ, त्याने माणसं घातली. मला कळत होतं की सर तिला एक सुटकेची वाट दाखवताहेत. रागात असूनही.

मुलगी फार वेळ बघत राहिली. पाय बदलले, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "सॉरी. ही माणसं नाहीत."

तिने भिंग तटावरून खाली, तंबूंवर आणलं.

"भिंत सपाट दिसायला लागली की मीही असे पांढरे हात मारते. उजेडाच्या बाजूला. बघा ना, तंबूंवरही तसेच आहेत, तोफेच्या चाकावरही. त्याच ब्रशचे. माणूस काढायचा असता तर त्याने खाली एक तरी काळा हात मारला असता, पायांसाठी."

हे त्यांना परीक्षकांनी सांगितलं होतं, म्युझियममधल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि ते प्रत्येकाशी भांडले होते. मी वाट बघत होते. सरांनी तिच्या हातातून भिंग घेतलं. तंबू पाहिला. चाक पाहिलं. तट पाहिला. मग मागचं दार उघडून अंगणात जाऊन उभे राहिले. बाहेर वारा होता, टाय खांद्यावर उडत होता. मुलगी घाबरून मला म्हणाली, "मी जाऊ का?" मी म्हटलं, थांब.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता.

"मग त्या हरामखोराने आत कोणालाच काढलं नाही," ते म्हणाले. "आणि मी आयुष्यभर त्याची वकिली केली."

"सर..."

"एकालाही नाही! एवढा घोडा काढायला वेळ होता. कुत्रा काढला. कुत्र्याची शेपटी काढली!" त्यांनी टेबलावर हात आपटला, पेले नाचले. मग त्या मुलीकडे वळून, तोच आवाज, तोच राग, "तुला माणसं काढता येतात?"

"येतात."

"मग बस."

ती बसली. सरांनी काकूंचे फोटो दाखवले नाहीत. सांगत राहिले आणि ती पेन्सिलने काढत राहिली. कपाळ एवढं रुंद नाही. उजव्या भुवईवर व्रण होता, सायकलवरून पडली होती मिरजेला. कान थोडे पुढे. मुलीने ओठांना हसू दिलं तर ओरडले, "खोड ते! अशी हसायची नाही ती. समोरच्याचं गणित चुकलं की तोंड कसं होतं, तसं काढ." मुलीने खोडलं. काढलं. पुन्हा खोडलं. शेवटी कागदावरून काकूंनी आमच्याकडे पाहिलं, आमचं काहीतरी चुकलंय अशा नजरेने. सर खुर्चीत मागे टेकले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी टायची गाठ सैल केली.

मग इटालियन आजोबा आले, लग्नाचा फोटो घेऊन. व्हिएतनामी बाई आली. तिने आणखी कोणाकोणाला आणलं. ती मुलगी शनिवार-रविवार यायची, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसायची, घरच्यांनी सांगावं आणि तिने काढावं. घरात इतकी माणसं मी तोवर कधी पाहिली नव्हती. एका माणसाची आई काढून झाल्यावर तो म्हणाला की तिला दात नव्हते, पण काढा ना, तिला आवडेल. सर म्हणाले, "दात काढ." शिरा सगळ्यांना मिळायचा.

चित्रं पुरी झाल्यावर आम्ही नर्सिंग होमला कळवलं की ही लॉबीत लावा. पितळी पट्टीच्या शेजारी. उत्तर आलं की प्रायव्हसीच्या कारणास्तव शक्य नाही, पण तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग लायब्ररीत जाऊन सगळ्या चित्रांना प्लास्टिकचं आवरण करून आणलं.

एका रविवारी सकाळी आम्ही ती बाहेरच्या कुंपणावर बांधली, रस्त्याच्या बाजूने. प्रत्येकाखाली नाव, ठळक अक्षरात. काकूंचं चित्र त्यांच्या जुन्या खिडकीसमोर. बेनालियाची ड्युटी नव्हती, तरी ती आली आणि तिने फुलं आणली. इटालियन आजोबांनी खुर्ची उघडली.

थोड्या वेळाने आतून सिक्युरिटी गार्ड आला. उंच, पंजाबी, नवीनच लागलेला असावा. मागे काचेआड मॅनेजर उभी होती. त्याने सरांचा टाय पाहिला, पांढरे केस पाहिले आणि आवाज खाली आणला. "अंकलजी, माफ करना. मुझे ये सब उतारना पडेगा. ऑर्डर है."

मला वाटलं, आता सर पेटणार.

"उतारो," सर म्हणाले. "लेकिन एक-एक करके. और हर एक का नाम पढके. जोर से."

गार्डने काचेकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग पहिल्या चित्रापाशी जाऊन नाव वाचलं. चुकीचं वाचलं. इटालियन नाव होतं ते. आजोबांनी दुरुस्त केलं. त्याने पुन्हा, नीट वाचलं, आणि मग दोरी सोडवली. दुसरं. तिसरं. फुटपाथवरून कुत्रा घेऊन चाललेली एक बाई थांबली. एक गाडी हळू झाली, थांबली. काचेआड मॅनेजरने फोन कानाला लावला होता. गार्ड वाचत होता, प्रत्येक नावाआधी घसा साफ करत. काकूंच्या चित्रापाशी आल्यावर त्याने नाव वाचलं, तेही माहेरचं. सरांनी तेच लिहिलं होतं. नजर वर करून त्याने विचारलं, "आप की?"

"हाँ."

ते चित्र त्याने दोन्ही हातांनी काढलं. सगळा गठ्ठा नीट लावून सरांच्या हातात दिला.

"मैं कल फिर लगाऊँगा," सर म्हणाले.

"लगाइए अंकलजी," तो म्हणाला. "कल भी मेरी ही ड्यूटी है."